पद्मजा मगदूम यांची प्रसन्नता

पद्मजा मगदूम यांना आनंदी ठेवण्याचं काम शासनाने मकरंद कुंटे नावाच्या माणसाकडे सोपवलं, त्याला दीड महिना झाला होता. एवढ्या काळात पद्मजाला त्याच्या चपलांचा जिन्यातला आवाजही नकोसा झाला होता.

तो रोज सकाळी नऊला यायचा. सांगलीत विश्रामबागेतल्या तिच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटची बेल वाजवायचा आणि दार उघडताच विचारायचा, "सुप्रभात पद्मजाताई, आज कसं वाटतंय?" साथ येण्यापूर्वी तो कंपन्यांमधून व्यक्तिमत्त्व विकासावर व्याख्यानं देत असे. पंचेचाळिशीचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं हे कुठेतरी शिकून आलेला. हुद्दा प्रसन्नता सहायक.

"तुम्ही येईपर्यंत बरं होतं," पद्मजा म्हणायची.

कुंटे हसायचा. न हसण्याची त्याला परवानगी नसावी. मग तो तिच्या मनगटावरच्या पट्टीचा आकडा आपल्या फोनवर बघायचा. माणूस ताणाखाली असला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं रसायन वाढतं. पट्टी ते घामातून मोजायची. पट्टी हिरवी दिसली की कुंट्याचा दिवस चांगला जायचा. पिवळी दिसली की तो फुलं आणायचा, बासरी लावायचा, आणि एकदा तर त्याने तिला दीर्घ श्वास घेऊन स्वतःला मिठी मारायला सांगितलं होतं.

पद्मजा भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार होती. वीस वर्षं तिने सख्ख्या भावांच्या मधल्या हद्दी मोजल्या होत्या. माणसं किती गोड बोलतात आणि कशासाठी, हे तिला कुंट्याकडून शिकायचं नव्हतं.

तिच्या आनंदाची शासनाला एवढी काळजी का, याचं उत्तर तिच्या रक्तात होतं.

सहा वर्षांपूर्वी तिच्या मानेत गाठ आली आणि लसिका ग्रंथींचा कर्करोग निघाला. दोनदा केमोथेरपी झाली, दोन्ही वेळा गाठी परत आल्या. शेवटी डॉक्टरांनी तिच्या रक्तातल्या टी पेशी बाहेर काढल्या. टी पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. पण कर्करोगाच्या पेशी आपल्याच शरीरातून निघालेल्या, त्यामुळे पहारेकरी त्यांना हटकत नाहीत. पद्मजाचा कर्करोग बी पेशी नावाच्या रक्तपेशींचा होता आणि या पेशींच्या अंगावर एक ठरावीक प्रथिन असतं. प्रयोगशाळेत तिच्या टी पेशींना एक नवा जनुक देऊन ते प्रथिन ओळखायला शिकवलं गेलं. ते ज्या पेशीवर दिसेल ती मारायची, चांगली की वाईट हे बघत बसायचं नाही. शिकवलेल्या पेशी तिला परत दिल्या आणि दोन महिन्यांत गाठी विरल्या. त्या पेशी मात्र रक्तात राहिल्या, वर्षानुवर्षं.

तेव्हा ती दादाकडे राहायची. तिने लग्न केलं नव्हतं. सुकुमारदादा, त्रिशलावहिनी आणि ती असं घर होतं. आजार कळला त्या आठवड्यात वहिनीने तिचं ताट वेगळं केलं. कर्करोग लागत नाही हे वहिनीला माहीत होतं, ती बी.एस्सी. होती. "कळतं हो वन्सं, पण मनाला बरं वाटत नाही," ती म्हणाली, आणि जेवून झालं की ताट मागच्या दगडावर उन्हात ठेवायला सांगू लागली. उपचार संपल्यावर दादा म्हणाला की पद्माला मोकळ्या हवेची गरज आहे. त्याने शोधून दिलेली मोकळी हवा तिसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट नसलेल्या इमारतीत.

त्या उपचारांतून पद्मजाला मिळालेलं एकमेव माणूस म्हणजे रशिदा मुजावर. मिरजेची, ब्लाउज शिवणारी, शेजारच्या कॉटवरची. आजार सारखाच, उपचार सारखेच, आणि माणसांविषयीचं मतही सारखंच. भेटायला येणारे लोक "तुम्ही फायटर आहात" म्हणायचे. रशिदा म्हणायची, "मी टेलर आहे. फायटर तो डॉक्टर, तो पण सुट्टीवर गेलाय." घरी गेल्यावरही दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलत. स्कॅन जवळ आला की दोघींना आठवडाभर जेवण जात नसे, ते फक्त एकमेकींना सांगत. बाकी जगाच्या लेखी दोघी बऱ्या झाल्या होत्या, आणि बरं झालेल्या माणसाने घाबरणं जगाला आवडत नाही.

गाठताप आला गेल्या श्रावणात. त्याचा विषाणू नेमका त्याच प्रथिनाला धरून बी पेशींत शिरायचा आणि तिथेच वाढायचा. आधी मानेत गाठी, मग ताप, मग फुप्फुसं. तीन आठवड्यांत माणूस जायचा. सगळं राज्य आरशासमोर उभं राहून मान चाचपू लागलं. पद्मजा सहा वर्षं तेच करत होती, तेव्हा हेच लोक तिला फार विचार करू नकोस म्हणत होते. आता फार विचार करणाऱ्यांसाठी शासनाने चोवीस तासांची फोनसेवा काढली.

दोन महिन्यांत डॉक्टरांच्या लक्षात आलं की शिकवलेल्या पेशी शाबूत असलेल्या कोणालाही गाठताप होत नाही. बी पेशी उरलेल्याच नाहीत, तर विषाणू राहणार कुठे? एकाच्या पेशी दुसऱ्याला सरळ देता येत नव्हत्या, त्या परक्या शरीरावरच तुटून पडल्या असत्या. पण या पेशी आपल्या अंगावरून अतिसूक्ष्म पुड्या सोडतात, आणि त्या पुड्यांतही ओळखायची आणि मारायची तीच शक्ती थोड्या काळापुरती असते. त्या गाळून रुग्णाला दिल्या तर तो वाचत असे. पद्मजाच्या दर दहा दिवसांनी घेतलेल्या रक्ताच्या एका खेपेतून अकरा माणसांची सोय व्हायची. असे दाते राज्यात चारशेच्या आसपास होते. रशिदा त्यांत नव्हती. तपासणीत तिच्या शिकवलेल्या पेशी संपलेल्या निघाल्या. कर्करोग परत आला नव्हता, पण आता तिला गाठतापापासून संरक्षणही नव्हतं.

"मशीन चालू आहे, दोरा संपला," ती फोनवर म्हणाली होती.

मग कोणीतरी अडतीस दात्यांचा अभ्यास केला. कॉर्टिसॉलने टी पेशी सुस्तावतात हे जुनंच ज्ञान होतं. त्यामुळे दुःखी दात्याकडून पुड्या कदाचित कमी मिळत असाव्यात, असं त्यात लिहिलं होतं. अधिकाऱ्यांनी त्यातलं 'कदाचित' गाळलं आणि प्रसन्न दाता योजना जाहीर केली. पद्मजाने तीस पानी फॉर्मवर सही केली, जशी सगळे करतात. तिच्या फोनवर वाईट बातम्या अडवणारी चाळणी बसली आणि दारात कुंटे उगवला.

एका रविवारी त्याने दादा-वहिनींना आणलं. पाच वर्षांत ते या जिन्याने चढले नव्हते. वहिनीने पुरणपोळ्या आणल्या होत्या.

"किती वाळलात वन्सं," ती म्हणाली. "आमच्याकडेच या राहायला. ह्यांचं तर रोज तुमचंच नाव."

"माझं नाव दादाला आठवतं हे ऐकून बरं वाटलं," पद्मजा म्हणाली. "बसा. जेवूनच जा."

तिने दोघांना वाढलं. ती शांत होती, दादाला तूप हवं का हेही तिने विचारलं. जेवण झाल्यावर वहिनी ताट घेऊन मोरीकडे निघाली, तेव्हा पद्मजाने तिला थांबवलं.

"तिथे नको वहिनी. बाहेर गॅलरीत उन्हात ठेवा. तुम्हाला काही झालेलं नाही हे कळतं मला, पण मनाला बरं वाटत नाही."

वहिनीचा चेहरा उतरला. दादा म्हणाला, "पद्मा, अगं झालं गेलं ते…"

"ते झालं नाही आणि गेलंही नाही, दादा. तुझ्या मानेत गाठ लागली की काय, म्हणून आलायस. लागली नसेल तर लागण्याच्या भीतीने आलायस. पुड्या कोणाला आधी द्यायच्या ती यादी सरकार करतं, मी नाही. चढताना धाप लागली असेल, उतरताना हळू उतरा."

कुंटे कोपऱ्यात उभा राहून फोनकडे बघत होता. पट्टी हिरवीगार होती. दुसऱ्या दिवशीच्या खेपेत तेरा माणसांपुरत्या पुड्या निघाल्या.

पुढच्या आठवड्यात तिच्या कार्यालयातले उपअधीक्षक भेटायला आले. उपचारांनंतर साइटवर लोकांना बरं वाटत नाही असं सांगून त्यांनीच तिला रेकॉर्ड रूममध्ये बसवलं होतं. पद्मजाने त्यांना चहा दिला आणि सावकाश, एकेक शब्द निवडून, त्यांच्या माणुसकीची मोजणी करून दिली. ते मान खाली घालून ऐकत राहिले. दोन दिवसांनी जुन्या गल्लीतल्या मंगलाताई भोकरे आल्या. पद्माला पूर्वजन्मीचं काहीतरी भोवलंय, असं या बाईंनी जैन बस्तीत दर्शनाला आलेल्या चार जणींना सांगितलं होतं. त्यांनाही पद्मजाने सोडलं नाही. या भेटींत मजा होती. सहा वर्षं पोटात ठेवलेलं बोलायला मिळत होतं आणि ऐकणारे उलट बोलत नव्हते. बोलून होईपर्यंत मंगलाताई मुकाट बसल्या, मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"अजून काही राहिलं असेल तर बोल बाई. कुंटे सरांनी वीस मिनिटं सांगितलीत. खाली पुढचे थांबलेत."

पद्मजा गॅलरीत गेली. खाली गुलमोहराशेजारी एक माणूस उभा होता. तो कोण हे तिला आठवेना. तो मात्र आतापासूनच अपराधी चेहरा करून बघत होता.

तिने मंगलाताईंना हाताने जा म्हणून खूण केली. तिच्या तोंडाला कसलीच चव उरली नाही. तिचा तिरस्कार ही तिची एकटीची गोष्ट होती, कमावलेली. आता त्या तिरस्कारालाही सरकारने वेळापत्रक लावलं होतं.

हे सांगण्यासारखं माणूस एकच होतं. रशिदाचा घसा तीन आठवडे बसला होता, त्यामुळे बोलणं आवाजी निरोपांवर चाललं होतं. पद्मजाने सगळं रंगवून सांगितलं: वहिनीचं ताट, उपअधीक्षकांचा चहा, मंगलाताईंचं घड्याळ. पाच मिनिटांत उत्तर आलं. आवाज रशिदाचाच, जरासा घोगरा.

"किती छान सांगितलंस पद्मा. पण प्रत्येकाची काही ना काही बाजू असते. त्यांना माफ करून टाक. तू खूश आहेस ना?"

पद्मजाने ते पुन्हा ऐकलं. रशिदाने सहा वर्षांत कोणालाही माफ केलं नव्हतं. दिवाळीला शिवून ठेवलेला ब्लाउज होळीपर्यंत न नेणाऱ्या बाईलाही नाही. आणि खूश आहेस का, हा प्रश्न दोघींनी एकमेकींना कधीच विचारला नव्हता. शेजारशेजारच्या कॉटवर उलट्या केलेल्या बायका असं विचारत नाहीत.

तिने मागचे निरोप काढले आणि एकेक ऐकत गेली. जवळजवळ तीन आठवड्यांपासून प्रत्येक निरोपाच्या शेवटी तोच प्रश्न होता. आपण ऐकत होतो आणि आपल्या लक्षात आलं नाही, कारण आपल्याला फक्त आपलं सांगायचं होतं. पट्टी या सगळ्या दिवसांत हिरवी राहिली होती. तिला त्या हिरव्या रंगाची लाज वाटली.

सकाळी नऊला बेल वाजली.

"सुप्रभात पद्म—"

"रशिदा कधी गेली?"

कुंट्याचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, ते कुठे ठेवायचं हे त्याला कळेना. तो न सांगताच खुर्चीत बसला.

"एकोणीस दिवस झाले."

"कशाने?"

"गाठताप. यादीत नंबर होता त्यांचा. सहाशेच्या पुढे."

"आणि हा आवाज?"

"फॉर्ममध्ये कलम आहे, संवादाचं सातत्य. मी नाही करत ते मॅडम, वरून होतं. संगणक करतो." तो हातांकडे बघत म्हणाला, "तुम्हाला तेव्हा कळवलं असतं तर त्या खेपेला चार-पाच माणसांना मिळालं नसतं. तीही कुणाची तरी रशिदाच असतील."

दीड महिन्यात तो पहिल्यांदाच सरळ बोलला होता, आणि म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं. पद्मजाला त्याचा जास्तच राग आला.

"हे वाक्य मला त्या दिवशी सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी मोठी बाई आहे. काय करायचं ते मी ठरवलं असतं. कदाचित डोळे पुसून खेपेला आलेही असते. तुम्ही मला गाय समजलात. दूध आटेल म्हणून मेलेल्या वासरात पेंढा भरून ते समोर उभं केलंत."

तिने पिशवी उचलली तेव्हा कुंटे म्हणाला, "तुमची खेप परवा आहे."

"मला तारखा कळतात."

पट्टी तिने काढली नाही. ज्याला बघायचं त्याने बघावं, असा विचार करून ती मिरजेच्या बसमध्ये बसली.

रशिदाच्या घरी तिची मुलगी आस्मा होती. सव्वीस वर्षांची, उर्दू शाळेत शिकवणारी. तिने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"आता आलात पद्माखाला?"

"मला आज कळलं. अजून नीट कळलेलंही नाही."

"आम्हाला सांगितलं की तुम्हाला कळवलंय. तुम्ही दाता आहात म्हणून येऊ शकत नाही, म्हणाले. दफनाला मी सगळ्यांना तेच सांगितलं. मनातून मला फार राग आला होता तुमचा."

पद्मजाने फोन काढून शेवटचा निरोप तिला ऐकवला. आईच्या आवाजातलं ते माफीचं वाक्य ऐकून आस्मा उंबऱ्याशीच बसली. मग उठून तिने पद्मजाला आत घेतलं.

"अम्मी पडून होती तेव्हा एक माणूस आला होता," ती सांगू लागली. "चाळीस वाक्यं घेऊन. म्हणाला, तुमच्या मैत्रिणीला बरं वाटावं म्हणून वाचा, आवाजाचा नमुना पाहिजे. अम्मी हो म्हणाली. मला तो माणूस बरा वाटला नाही, म्हणून मी माझ्या फोनवर पण घेतलं."

तिने ते लावलं. आधी खोकला, मग रशिदाचा खरा आवाज, पार बसलेला आणि वैतागलेला.

"मी मजेत आहे. आज हवा छान आहे. प्रत्येकाची काही ना काही बाजू… हे कोणी लिहिलंय? भाऊ, तुम्ही लिहिलंत? असं कोण बोलतं? पद्माला हे पाठवाल ना, तर ती एका मिनिटात ओळखेल. घ्या हा कागद. पुढचं मी नाही वाचत."

पद्मजा आधी हसली. हसताहसताच तिला एका मिनिटाचा अर्थ लागला, आणि मग तिला रडू आवरेना. मनगटावरची पट्टी लाल झाली. पिशवीतला फोन थरथरत राहिला.

"मला एकोणीस दिवस लागले आस्मा," ती म्हणाली. "तिची खात्री होती आणि मला एकोणीस दिवस लागले."

आस्माने तिला समजावलं नाही. काही होत नाही, असंही म्हणाली नाही. तिने चहा टाकला आणि शेवटचे दिवस कसे गेले ते सगळं सांगितलं: ताप किती होता, अम्मी कोणाकोणावर चिडली, यादीतला नंबर विचारायला आस्मा किती वेळा गेली. वाईट बातमी पूर्ण, वरपासून खालपर्यंत. पद्मजा संध्याकाळपर्यंत तिथे बसून होती.

तिसऱ्या दिवशी ती ठरल्या वेळेला केंद्रात गेली. डोळे सुजलेले, पोटात अन्न नाही. तिथल्या डॉक्टरबाईंनी पट्टीकडे पाहिलं आणि विचारलं, "आज नको का? पुढे ढकलूया?"

"नको. जे निघेल ते घ्या."

दोन तासांनी आकडा आला. सात.

"चार कमी," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या दमलेल्या होत्या, त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता.

"कोण चार?"

"आम्हाला कळत नाही ते. नावं वर असतात."

ते चार जण पद्मजाला हवे होते, नावानिशी. त्यांच्याबद्दल वाईट वाटून घ्यायची सोयही कोणी ठेवली नव्हती.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "कारण, रशिदा मुजावर वारली. आणि वर कळवा. तो मनुष्य माझ्या दारात यायचा नाही. तो आवाज पुसून टाकायचा. फोनवरची चाळणी काढायची. कोण मेलं, किती मेले, मला रोज कळलं पाहिजे. पट्टी ही घ्या. दर दहा दिवसांनी मी येणार आहे, मला आणायला कोणी लागत नाही."

"हे माझ्या हातात नाही हो."

"तुमच्या हातात फोन आहे. तेवढा करा."

वर बसलेल्यांनी आठवडाभर चर्चा केली. दात्री हातची जाईल या भीतीने त्यांनी सगळं मान्य केलं. कुंट्याची कोल्हापुरात दुसऱ्या दात्याकडे बदली झाली. पद्मजाच्या पुढच्या खेपेत आठ निघाले, मग नऊ, मग पुन्हा नऊ, मग अकरा. या काळात तिला कोणीही आनंदी केलं नव्हतं. ती रोज मृतांची यादी वाचत होती, आस्माशी बोलत होती, आणि अधूनमधून रडत होती. अडतीस जणांचा अभ्यास करणाऱ्यांनी ही नोंद मागवली नाही. शासनाने मात्र एक परिपत्रक काढलं: दात्यांना आप्ताच्या निधनानंतर तीन दिवस शोक-सवलत मिळेल, फक्त रक्ताच्या नात्यासाठी, दाखल्यासह. चारशे माणसांच्या रक्तावर तगलेल्या राज्याला रक्ताचं नातं म्हणजे काय, हे एवढंच समजलं होतं.

अकरा निघाले त्या दिवशी ती केंद्राबाहेर आली, तर फाटकाशी साठीचा एक गृहस्थ उभा होता. धोतर, हातात डबा. आत त्याची बायको होती, मानेत गाठी आलेली. दाते कोण ते त्याने रखवालदाराला विचारून ठेवलं असावं. त्याने डबा खाली ठेवून हात जोडले.

"ताई, तुम्ही खूश राहा. आमचं सगळं तुमच्या खुशीवर आहे."

पद्मजाने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याचं नाव विचारलं. भूपाल आवटी. बायकोचं विचारलं. सरोजिनी. दोन्ही नावं तिने मनात ठेवली.

"खूश नाही राहणार मी," ती म्हणाली. "पण येईन."